विश्लेषण : खुनी कोण, त्याआधी पाहुणे कोण? मर्डर मिस्ट्री पार्टीचा खेळ निवडताना…

शनिवारची रात्र. दिवाणखान्यात दहा-बारा माणसे. एकाच्या डोक्यावर हॅट, एकीच्या गळ्यात आजीची मोत्यांची माळ, तिसऱ्याच्या हातात कुठून तरी पैदा केलेली काठी. टीपॉयवर बटाटेवड्यांच्या ताटाशेजारी ‘पुरावा क्रमांक १’ असे लिहिलेले पाकीट. मर्डर मिस्ट्री पार्टी, म्हणजे खोट्या खुनाचा घरगुती तपास, हा प्रकार पाश्चात्त्य देशांत अनेक दशके रुळलेला आहे. आपल्याकडेही वाढदिवस, थर्टी फर्स्ट, जुन्या मित्रांचे गेट-टुगेदर अशा निमित्ताने तो आता परका राहिलेला नाही. २०२५ मध्ये करण जोहरच्या सूत्रसंचालनाखाली ओटीटीवर आलेल्या ‘द ट्रेटर्स’ या कार्यक्रमाने ‘आपल्यातला गद्दार शोधा’ या कल्पनेची आणखी अनेकांना ओळख करून दिली.

मात्र हौसेने आणलेला खेळ अर्ध्या तासात फसल्याचे अनुभवही कमी नाहीत. दोघे-तिघे रंगात आलेले, एक जण मोबाइलमध्ये, एक जण हातातला कागद कसनुसा वाचून मोकळा झालेला आणि यजमान स्वयंपाकघर ते दिवाणखाना धावाधाव करणारे. मग दोष खेळावर जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खेळ वाईट नसतो, तो त्या पाहुण्यांसाठी नसतो. कथा आवडली म्हणून खेळ घेतला जातो, तो खेळणार कोण याचा विचार नंतर होतो. हा क्रम उलटा केला तर निवड बरीच सोपी होते. ती कशी करावी, याचा हा आढावा.

हा खेळ नेमका काय असतो?

एक काल्पनिक खून, काही संशयित, काही पुरावे आणि शेवटी उलगडा, एवढा सांगाडा सगळीकडे सारखा असतो. फरक पडतो तो पाहुण्यांनी काय करायचे यात. काही खेळांत प्रत्येक पाहुणा संशयित असतो आणि त्याला पात्र वठवावे लागते. काहींत सगळे मिळून तपास अधिकारी होतात. काहींत एक जण गुपचूप खुनी असतो आणि बाकीच्यांनी त्याला हुडकायचे असते.

शेवटचा प्रकार आपल्याला अगदीच नवा नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत चार चिठ्ठ्या टाकून खेळलेला राजा-राणी-चोर-शिपाई आठवून पाहा. चिठ्ठी उघडल्यावर चेहरा कोरा ठेवणारा ‘चोर’ आणि तिघांकडे रोखून पाहणारा ‘शिपाई’ हे याच जातकुळीतले.

याची सुरुवात कुठे झाली?

दोन महायुद्धांमधल्या काळात इंग्लंडमधील मोठ्या घरांत जेवणानंतर खोट्या खुनाचे बैठे खेळ रंगत. त्या काळच्या रहस्यकथांतही ते दिसतात. नायो मार्श यांच्या १९३४ च्या पहिल्याच कादंबरीत अशा खेळादरम्यान खरा खून पडतो. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९५० मधील ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मध्ये गावच्या वर्तमानपत्रात खुनाची आगाऊ जाहिरात येते आणि तो पार्टीचा खेळ असणार असे समजून शेजारीपाजारी वेळेवर हजर होतात.

बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच माहोल एका पटावर उतरवला. १९४४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. युद्धोत्तर टंचाईमुळे ‘क्लूडो’ बाजारात यायला १९४९ उजाडले. ‘क्लू’ आणि ‘लुडो’ यांची ही जोडी आहे आणि लुडोचे मूळ आपल्या पचिसीत आहे. सहा संशयित, सहा हत्यारे आणि नऊ खोल्या मिळून ३२४ शक्यता होतात. म्हणूनच हा पट पुन्हा पुन्हा खेळता येतो. पुढे पेटीत मिळणारे, पात्रांच्या पुस्तिका असलेले खेळ आले. १९८५ पासून अमेरिकेत निघालेली ‘हाऊ टू होस्ट अ मर्डर’ ही मालिका त्यातली गाजलेली.

दुसरा प्रवाह मॉस्कोतून आला. १९८६ च्या सुमारास दिमित्री डेव्हिडॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘माफिया’ हा खेळ तयार केला. कॉलेजच्या सहलींत बसमध्ये खेळला जाणारा माफिया तो हाच. टाळेबंदीच्या काळात मुलांनी मोबाइलवर खेळलेला ‘अमंग अस’ हे त्याचेच डिजिटल भावंड.

प्रकार किती आणि कोणता कुणासाठी?

ढोबळमानाने पाच प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला, पात्रांच्या पुस्तिकांचा. सहा, आठ किंवा दहा पात्रे ठरलेली असतात. प्रत्येकाला आपली माहिती, आपले गुपित आणि प्रत्येक फेरीत काय सांगायचे, काय लपवायचे हे लिहून दिलेले असते. दोन ते चार तास लागतात. बोलक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या आणि थोडी नाटकाची हौस असलेल्या मंडळींसाठी हा उत्तम.

दुसरा, मुक्त वावराचा. पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त माणसे, प्रत्येकाला एक पात्र आणि दोन-तीन कामगिऱ्या. कुणाकडून पत्र मिळवायचे, कुणाला पैसे द्यायचे, कुणाचे गुपित काढायचे. मोठ्या जागेत, गच्चीवर किंवा फार्महाऊसवर हा शोभतो. दोन-तीन पाहुणे कमी-जास्त झाले तरी तो सहसा कोसळत नाही. मात्र एक माणूस पूर्णवेळ सूत्रधार म्हणून लागतो.

तिसरा, केस फाइलचा. पेटीत जबान्या, नकाशे, छायाचित्रे, शवविच्छेदनाचा अहवाल असतो. सगळे मिळून वाचायचे आणि निष्कर्ष काढायचा. अभिनय शून्य. ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ हा १९८१ चा खेळ या धाटणीचा आद्य नमुना मानता येईल. त्याला १९८५ मध्ये जर्मनीचा प्रतिष्ठेचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार मिळाला होता. चार-पाच शांत, वाचनवेड्या मित्रांची संध्याकाळ अशा खेळात कशी सरते ते कळत नाही. बारा जणांत मात्र चौघे वाचतात आणि आठ जण जांभया देतात.

चौथा, छुप्या भूमिकांचा. माफिया, ‘वेअरवुल्फ’ किंवा नुसता डोळा मारून ‘खून’ करण्याचा खेळ. पत्त्यांचा कॅट असला तरी भागते. एक डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो, हे बलस्थान. पहिल्याच रात्री ‘मेलेला’ पाहुणा उरलेला डाव बाजूला बसून राहतो, ही उणीव. ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ या अलीकडच्या खेळाने यावर तोडगा काढला आहे. त्यात मेलेला खेळाडूही बोलू शकतो आणि त्याचे एक शेवटचे मत शिल्लक असते.

पाचवा, पटावरचा किंवा पत्त्यांचा. क्लूडो आहेच. ‘मिस्टेरियम’मध्ये एक जण न बोलणारे भूत होतो आणि चित्रांच्या पत्त्यांतून बाकीच्यांना इशारे देतो. यात दोन ते सात जण खेळू शकतात. ‘डिसेप्शन : मर्डर इन हाँगकाँग’ चार ते बारा जणांत खेळता येतो आणि साधारण वीस मिनिटांत आटोपतो. पाहुणे एकमेकांना नवे असतील तर सुरुवात अशाने करणे सोयीचे.

याशिवाय व्यावसायिक नटांना बोलावून केलेला प्रयोगही असतो. पाहुणे जेवतात, पाहतात, शेवटी अंदाज बांधतात. खर्च जास्त, पण पाहुण्यांवर भार सर्वांत कमी.

निवड कुठून सुरू करावी?

आकड्यापासून. आठ पात्रांच्या खेळाला आठच माणसे लागतात. सात आली तर एक संशयित गायब होतो आणि त्याच्याकडचा दुवाही जातो. आपल्याकडे निमंत्रणाला ‘नक्की येतो’ आणि ‘बघतो, जमलं तर येतो’ अशी दोन उत्तरे मिळतात. दुसऱ्या उत्तराचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, तरी यजमान तो आकड्यात धरतात.

यावर साधा नियम असा. कागदावर दोन रकाने करा, ‘नक्की’ आणि ‘बघू’. खेळाची किमान संख्या ‘नक्की’च्या रकान्यापेक्षा जास्त नको. कमाल संख्या दोन्ही रकान्यांच्या बेरजेपेक्षा कमी नको. नक्की सात आणि ‘बघू’ म्हणणारे तीन असतील, तर सहा ते दहा जणांत चालणारा खेळ हवा. नेमका आठांचा खेळ कितीही आकर्षक वाटला तरी बाजूला ठेवा. अनेक खेळांत ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ अशी पात्रांची विभागणी असते. पेटीवर किंवा विक्रीच्या पानावर ती आहे का, हे आधी पाहावे. ‘बघू’वाल्यांना ऐच्छिक पात्रेच द्यावीत.

पात्रे स्त्री-पुरुष अशी वाटलेली आहेत का, हेही बघा. चार नायक आणि चार नायिका असलेला खेळ सहा मैत्रिणींच्या आणि दोन मित्रांच्या गटात अवघडतो. कुणीही करू शकेल अशी पात्रे असलेले खेळ अधिक सोयीचे.

लाजऱ्या पाहुण्याचे काय करायचे?

प्रत्येक मैफलीत एक तरी माणूस असा असतो, ज्याला चारचौघांत बोलायचे म्हटले की घाम फुटतो. त्याला बोलता करण्यासाठी मोठी भूमिका द्यावी, असे यजमानाला वाटते. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. त्या माणसाला संध्याकाळभर टांगल्यासारखे वाटते आणि त्याच्या वाट्याचे दुवे बाहेर न आल्यामुळे बाकीच्यांचाही खेळ अडतो.

आठवडाभर आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा. ‘तुला नाटक करायला आवडेल, नुसता तपास करायला आवडेल की बघायला?’ व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नये, एकेकट्याला विचारावे. ग्रुपवर सगळेच ‘काहीही चालेल’ म्हणतात. निम्म्याहून जास्त उत्तरे ‘तपास’ अशी आली तर पात्रांचा खेळ घेऊच नये. एक-दोघेच तसे असतील तर त्यांना पुरावे सांभाळणारा हवालदार, डॉक्टर किंवा जबानी नोंदवणारा कारकून करावे. हातात काम असले की लाजरा माणूसही हळूहळू खुलतो.

एकमेकांना अनोळखी पाहुण्यांचा प्रश्न वेगळा. कॉलेजच्या कंपूत कुणाची तरी नवी बायको किंवा नवरा असतो. कंपूतले जुने विनोद त्याला कळत नाहीत. अशा वेळी मोठा खून कंपूतल्यांकडे आणि दुय्यम भूमिका नवख्यांकडे अशी वाटणी नकळत होते. ती मुद्दाम मोडावी. नवख्याच्या हाती असा एक पुरावा द्यावा, ज्यावाचून उलगडा होणारच नाही. मग सगळ्यांना त्याच्याकडे जावेच लागते.

उलट टोकाचा पाहुणा म्हणजे अतिहुशार. २०२२ च्या ‘ग्लास अनियन’ चित्रपटात एका धनाढ्य यजमानाने बेटावर शनिवार-रविवारभर पुरेल असा खुनाचा खेळ मांडलेला असतो. पाहुण्यांतला खरा डिटेक्टिव्ह तो जेवणाच्या टेबलावर काही मिनिटांत सोडवून मोकळा होतो. असा पाहुणा आपल्याकडेही असतो. त्याला खुनी करावे, ही एक युक्ती. दुसरी म्हणजे सगळ्यांनी आपले उत्तर कागदावर लिहून चिठ्ठी मिटवून द्यायची आणि उलगड्याआधी कुणीच मोठ्याने सांगायचे नाही.

भाषेची अडचण किती मोठी?

वाटते त्याहून मोठी. बाजारात किंवा इंटरनेटवर मिळणारे बहुतेक खेळ इंग्रजीत आहेत. त्यांतले लॉर्ड, बटलर, कर्नल ही मंडळी आपल्याला चित्रपटांतून ठाऊक असतात, पण पानभर इंग्रजी मजकूर चारचौघांत वाचून त्याच भाषेत उलटतपासणीला उत्तरे देणे ही वेगळी गोष्ट. काका-काकू, गावाहून आलेला भाऊ, मराठी शाळेतली भाची असा गट असेल तर खेळ इंग्रजी येणाऱ्या तिघांचा होतो.

उपाय तीन आहेत. पहिला, शब्दांवर कमी आणि चित्रांवर जास्त चालणारा खेळ निवडणे. दुसरा, पुस्तिका तीन-चार दिवस आधी ज्याच्या त्याच्याकडे पोचवणे आणि ‘वाच इंग्रजीत, पण बोल मराठीत’ असे सांगणे. बोलणे मराठीत सुरू झाले की निम्मा संकोच जातो. तिसरा, पात्रांची नावे-गावे बदलून घेणे. लॉर्डचा इनामदार आणि बटलरचा दिवाणजी करायला फार कष्ट पडत नाहीत. फक्त एखाद्या दुव्यात नावाची आद्याक्षरे वापरलेली नाहीत ना, हे तपासून मगच बारसे करावे.

जेवण आणि खेळ एकत्र जमतात का?

पाश्चात्त्य खेळांत जेवणाच्या वाढपाप्रमाणे फेऱ्या आखलेल्या असतात. सूप झाले की पहिली फेरी, मुख्य जेवणानंतर दुसरी. आपल्या घरी गरम पोळ्या वाढायच्या म्हटल्या की एक माणूस तव्यापाशी अडकतो आणि बहुधा तीच यजमानीण असते. तिने महिनाभर आधी ठरवलेला खेळ तिलाच खेळता येत नाही.

म्हणून खेळाच्या रात्री बेत हाताने उचलून खाता येईल असा किंवा एकदाच मांडून ठेवता येईल असा ठेवावा. पावभाजी, पुलाव-रायते, वडे, सँडविच. तीन तासांच्या कार्यक्रमात तीन तासांचा खेळ बसत नाही. येणे, गप्पा, कपडे-बिपडे यात पहिला तास जातो आणि लहान मुले असलेली घरे दहाला उठतात. पेटीवर लिहिलेल्या वेळेत तासभर मिळवून मग हिशेब करावा.

खेळ कधी बोचतो?

हा मुद्दा सहसा कुणी विचारात घेत नाही. खुनाच्या कथेत विष, आत्महत्या, विवाहबाह्य संबंध, बेपत्ता मूल, इस्टेटीची भांडणे येतातच. पाहुण्यांपैकी कुणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल, कुणाचा घटस्फोट चालू असेल, भावाभावांत जमिनीवरून अबोला असेल, तर तेच कथानक त्या माणसाला संध्याकाळभर टोचत राहते. तो बोलत नाही, फक्त लवकर निघतो.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकात नेमके हेच घडते. गावात प्रयोगासाठी आलेली मंडळी वेळ घालवायला अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात. बेणारेबाईंना आरोपी करतात. आरोप लुटुपुटीचा असतो, पण बघता बघता तिच्या खासगी आयुष्याचीच झडती सुरू होते. खेळाच्या आडून माणसाला घेरता येते, हे ते नाटक दाखवते. दिवाणखान्यातल्या खेळात एवढी क्रूरता नसते. तरीही ‘हिला विष देणारी सुनेची भूमिका द्या, शोभेल’ अशा एका विनोदात खेळ आणि खरे नाते यांतली रेष पुसली जाते.

चीनमध्ये ‘जुबेनशा’ नावाने पटकथेवर आधारलेले असे खेळ चालवणारी दुकाने गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने उघडली. २०१६ मध्ये आलेल्या एका रिअॅलिटी कार्यक्रमाने त्याची लाट आणली. तिथे तर्काच्या, भावनिक, भीतीच्या, हसवणाऱ्या अशा वर्गवारीतून गटाला साजेशी पटकथा निवडली जाते. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने या दुकानांसाठी नियम करताना पटकथांवर वयोगटाची सूचना बंधनकारक केली. घरच्या खेळाला सरकारी नियम नसतो, तो यजमानालाच घालून घ्यावा लागतो.

त्यासाठी खेळाचा सारांश आधी वाचावा. विषय नाजूक असेल तर निमंत्रणातच ‘कथेत विषप्रयोग आणि कौटुंबिक भांडण आहे’ एवढे एक वाक्य लिहावे. त्याने रहस्य फुटत नाही. मुले असतील तर खुनाऐवजी चोरीचा तपास असलेला खेळ घ्यावा. हरवलेला हार शोधतानाही मुलांचे डोळे तेवढेच चमकतात.

यजमानाला स्वतः खेळता येते का?

हे खेळ निवडतानाच ठरते. काही खेळांत उलगडा बंद पाकिटात असतो आणि यजमानही इतरांइतकाच अंधारात राहतो. काहींत यजमानाला सगळे ठाऊक असावे लागते. पहिल्या प्रकारात मजा येते, पण मध्येच खेळ अडला तर सोडवणारा कुणी नसतो. दुसऱ्यात यजमान सूत्रधार होतो. पहिल्यांदाच असा कार्यक्रम करणाऱ्यांनी दुसरा प्रकार घ्यावा, हे बरे. कुणाकडे कोणता दुवा अडकला आहे हे माहीत असलेला एक माणूस खोलीत असला की खेळ वेळेत संपतो.

डाउनलोड करून घेण्याचे खेळ असतील तर छापायची पाने किती, हे पाहून घ्यावे. ‘फक्त यजमानासाठी’ असे लिहिलेले पान चुकून झेरॉक्सवाल्याच्या गठ्ठ्यातून पाहुण्याच्या पाकिटात गेले की सगळा खर्च पाण्यात. बहुतेक पात्रांचे आणि केस फाइलचे खेळ एकदाच खेळता येतात. एकदा खुनी कळला की त्या गटासाठी पेटी संपली. म्हणून कुणी तो आधी खेळला आहे का, हे विचारायला विसरू नये.

एक उदाहरण

समजा, यजमान सोडून नऊ जण येणार आहेत. तीन बोलके कॉलेजमित्र, त्यांच्यापैकी दोघांच्या बायका, ऑफिसातली एक नवी सहकारी, सासूबाई, बारा वर्षांची भाची आणि ‘बघतो’ म्हणालेला एक मित्र. म्हणजे आठ नक्की, एक अनिश्चित.

आठ पात्रांची पेटी इथे मोह घालते. पण भाचीच्या हाती प्रेयसीची किंवा दारुड्या कर्नलची भूमिका जाऊ शकते, सासूबाईंना इंग्रजी पुस्तिका वाचावी लागते आणि नववा आलाच तर तो प्रेक्षक होतो. त्यापेक्षा सुरुवात वीस मिनिटांच्या पत्त्यांच्या खेळाने करावी. नंतर सौम्य कथेची एक केस फाइल घेऊन तिच्या दोन प्रती काढाव्यात आणि चार-चार जणांचे दोन गट पाडावेत. बोलके मित्र दोन्ही गटांत विभागावेत. सासूबाई आणि भाची एका गटात ठेवाव्यात. मजकूर एकाने मोठ्याने वाचून मराठीत सांगावा. नववा आला तर तो कुठल्याही गटात सामावतो, नाही आला तर काही अडत नाही. घरात कोण कधी खोटे बोलते हे ओळखण्यात सासूबाई बहुधा सगळ्यांना मागे टाकतील.

ऐनवेळी कुणी आलेच नाही तर?

पात्रांचा खेळ असेल तर न आलेल्याची पुस्तिका सूत्रधाराने हाती घ्यावी आणि त्याची माहिती ‘पोलिसांना मिळालेली जबानी’ म्हणून वाचून दाखवावी. गैरहजर पात्र खुनी असेल तर ती पुस्तिका दुसऱ्या कुणाला देऊन त्या माणसाची मूळ भूमिका जबानीत बदलावी. आगंतुक पाहुणा आला तर त्याला साहाय्यक तपास अधिकारी करावे. खेळ एके ठिकाणी रुतला तर सूत्रधाराने फोन आल्याचे नाटक करून एक नवा पुरावा टाकावा. हे सगळे आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवले की ऐनवेळी तारांबळ उडत नाही.

घरीच लिहिता येईल का?

येईल, आणि मराठी गटासाठी बऱ्याचदा तोच उत्तम पर्याय ठरतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि धनंजय यांच्यावर वाढलेल्या पिढीला कथानक सुचायला वेळ लागत नाही. बंद पडलेली नाटक कंपनी, कोकणातला वाडा, साखर कारखान्याची निवडणूक, दिवाळी अंकाचे कार्यालय अशी कितीतरी स्थळे हाताशी आहेत.

पाच संशयितांपुरता आराखडा असा. प्रत्येकाला खून करण्याचे एक कारण द्या, खुनाशी संबंध नसलेले एक गुपित द्या आणि दुसऱ्या एका पात्राविषयी एक खरी माहिती द्या. निर्दोष चौघांना सोडवणारा प्रत्येकी एक पुरावा ठेवा. उदाहरणार्थ, एसटीचे तिकीट एकाला खुनाच्या वेळी दुसऱ्या गावी दाखवते. खुन्याकडे नेणारा प्रत्येक महत्त्वाचा दुवा दोन वेगवेगळ्या ठिकाणी पेरा. एक माणूस बोलायला विसरला तरी उलगडा थांबता कामा नये. खुनी तुम्हीही अंदाजाने ठरवता कामा नये. पुराव्यांवरून एकच नाव उरते ना, हे पार्टीला न येणाऱ्या मित्राकडून आधी तपासून घ्या. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा खून लिहायचा मोह झाला तरी आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा लिहू नका.

घेण्यापूर्वी पाच प्रश्न

नक्की येणारे किती आणि ‘बघू’ म्हणणारे किती? त्यांच्यापैकी नाटक करायला तयार किती? सगळ्यांना सहज वाचता येईल अशी भाषा कोणती? जेवण धरून हाती वेळ किती? आणि कथेतले काही कुणाला लागेल का? या पाचांची उत्तरे कागदावर आली की दुकानातल्या किंवा साइटवरच्या बहुतेक पेट्या आपोआप बाद होतात. उरलेल्या दोन-तीनांतून मनाला आवडेल ती कथा खुशाल निवडावी. खुनी सापडला नाही तरी चालेल. परतताना लिफ्टमध्ये पाहुणे ‘मला तर तुझाच संशय होता’ असे म्हणत वाद घालत असले, म्हणजे खेळ बरोबर निवडला गेला.